अपघात क्लेमसाठी वकील, सातारा : पाचपैकी चार स्टार

एक स्टार झेरॉक्सपायी कापला, ते पुढे सांगते.

14 फेब्रुवारी 2024 ला टेंभुर्णीजवळ टेम्पोने आमच्या यांच्या गाडीला मागून ठोकलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड घातला, चार महिने अंथरुणाला खिळले. आधी ज्या वकिलांकडे गेलो (नाव लिहीत नाही, वयस्कर आहेत) ते म्हणाले, ‘घाई कशाला? क्लेमला मुदत नसते. पाय नीट बरा होऊ द्या.’ वर मिळतील त्यातले वीस टक्के त्यांचे. आम्ही निर्धास्त.

जुलैत जाऊबाईंच्या ओळखीने या मॅडमकडे गेले. पिशवीतून फाईल काढेपर्यंत त्यांनी विचारलं, ‘अपघाताची तारीख?’ सांगितली तशी टेबलावरचं कॅलेंडर ओढून 14 ऑगस्टला लाल गोल केला.

मधली बरीच वर्षं मुदत नव्हतीच म्हणे. 1994 साली ती काढून टाकली होती. पण 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये सहा महिन्यांची अट परत आली. आधीच्या साहेबांच्या डोक्यात जुनाच कायदा! ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

मला वाटायचं, अपघात तिकडचा म्हणजे सोलापूरला खेटे घालावे लागणार. तर राहतो तिथेही अर्ज करता येतो. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं होती. अपंगत्वाचा दाखला नव्हता. ‘तो मागून देऊ, त्यासाठी अडून बसायचं नाही,’ म्हणाल्या. फी ठरावीक, टप्प्याटप्प्याने. टक्केवारी घेणं वकिलांच्या नियमातच बसत नाही, हेही त्यांच्याकडूनच कळलं. डोंबिवलीचा भाचा लोकलमधून पडला होता, त्याचंही विचारून घेतलं. रेल्वेच्या दाव्याला एक वर्ष असतं; पास जपून ठेवायला सांगितलाय.

आता झेरॉक्स. टेम्पोचा ड्रायव्हर, मालक, विमा कंपनी, कोर्ट आणि आपण, असे पाच सेट. ऑफिसात मशीन नाही, ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात माझ्या तीन खेपा झाल्या. एवढी फी घेता तर एक मशीन ठेवा की!

9 ऑगस्टला, शुक्रवारी, अर्ज दाखल झाला. वकीलपत्रावर यांची सही हवी होती आणि हे वॉकरवर. मॅडमचा ज्युनिअर पॅड घेऊन खाली रिक्षापाशी आला आणि पावसात भिजत सही घेऊन गेला.