आयसोल्डचे युरेनियम कार्बाइड टार्गेट: जस्त-80 हवे असेल तर काय मागावे

जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेतले आयसोल्ड हे केंद्र 1967 पासून प्रयोगांसाठी किरणोत्सारी आयनांचे झोत (बीम) पुरवते. न्यूट्रॉन जास्त असलेल्या केंद्रकांसाठी तिथे पहिली पसंती युरेनियम कार्बाइडच्या टार्गेटला. ग्रॅफाइट मिसळलेल्या गोळ्या 20 सेंमी लांब टँटलमच्या नळीत भरून सुमारे 2000 अंश सेल्सिअसला तापवतात. बूस्टर या त्वरकाचे 1.4 जीईव्हीचे (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे) प्रोटॉन आदळले की विखंडनाचे तुकडे गोळ्यांच्या छिद्रांतून झिरपत आयन सोर्सकडे, म्हणजे अणूंचे आयन करणाऱ्या भागाकडे, येतात.

नुसत्या यील्डच्या (हवे ते आयन किती मिळतात त्याच्या) आकड्यावर भाळून टार्गेट मागू नये. जस्त-80 चे अर्धायुष्य जेमतेम अर्धा सेकंद, आणि त्याच वस्तुमानाचे, म्हणून वस्तुमानावरून वेगळे न काढता येणारे, रुबिडियम-80 शेजारी हजर. जस्ताचे आयन करायला 9.4 ईव्ही लागतात, रुबिडियमला 4.2 पुरतात. आयन करणारा लेझर जस्ताच्या तरंगलांबीवर लावला तरी सोर्सची तापलेली नळी रुबिडियमचे आयन करतच राहते आणि डिटेक्टर त्यानेच भरतो.

म्हणून न्यूट्रॉन कन्व्हर्टर आवर्जून मागावा. हा टार्गेटशेजारचा टंगस्टनचा दांडा. प्रोटॉन युरेनियमऐवजी त्याच्यावर सोडतात. निघालेले न्यूट्रॉन युरेनियम फोडतात आणि त्या विखंडनात रुबिडियम-80 फारच थोडे तयार होते. जस्तही थोडे घटते, पण सौदा फायद्याचाच. विखुरलेले काही प्रोटॉन टार्गेटला लागतातच, त्यामुळे जोडीला क्वार्ट्झची ट्रान्सफर लाइन (टार्गेटकडून आयन सोर्सकडे नेणारी नळी) हवी. तिच्या भिंतीला रुबिडियम चिकटते, जस्त पुढे जाते. लाइन फार तापली तर रुबिडियम सुटते. फार थंड राहिली तर जस्तही वाटेतच रेंगाळून क्षय पावते. ही जोडणी खरोखर उत्तम आहे.

त्याच वस्तुमानाचे गॅलियम-80 मात्र यातूनही बऱ्यापैकी निसटते. लेझर आलटून-पालटून चालू-बंद ठेवून मोजणी करावी. बंद असताना जे दिसते ते जस्त नव्हे. बीम गेट (बीम सोडणारे-अडवणारे दार) प्रोटॉनचा पल्स येताच उघडावे आणि एक-दोन सेकंदांत मिटावे, कारण त्यानंतर येतो तो बहुतेक दीर्घायुषी कचरा.

झिर्कोनियम, मॉलिब्डेनम, रुथेनियम हवे असतील तर इथे अर्जच करू नये. 2000 अंशांनाही ती गोळ्यांतून बाहेर पडत नाहीत. त्यासाठी फिनलंडमधले आयजिसोल बरे; तिथे विखंडनाचे तुकडे थेट हेलियम वायूत थांबवतात.

दिवसेंदिवस तापून गोळ्यांची छिद्रे मिटत जातात आणि पहिला फटका अल्पायुषी समस्थानिकांना बसतो. जस्त-80 ची मोजणी टार्गेट ताजे असतानाच लावून घ्यावी, जस्त-74 नंतर केले तरी चालते.