मेल सर्व्हरचे दहा महिने: सॉफ्टवेअर निर्दोष, बॅटरी गुन्हेगार

मेल आणणारा-नेणारा पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळणारा डव्हकॉट, स्पॅम गाळणारा आरस्पॅमडी. दीडशे मेलबॉक्स, ३२ जीबी रॅम, चार फिरत्या डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क मेली तरी डेटा टिकेल अशी जोडणी). दहा महिने मशीन निमूट चाललं, मग अचानक शेजारच्या टेबलावर मेल पोचायला अर्धा मिनिट लागू लागला.

पहिला संशय व्हायरस तपासणाऱ्या क्लॅमएव्हीवर. अगदीच अनाठायी नाही: त्याला एक जीबीहून जास्त रॅम लागते आणि नवा डेटाबेस चढवताना जुना-नवा दोन्ही मेमरीत बसतात. पण रॅम अर्धी मोकळी होती.

उत्तर पोस्टफिक्सच्या लॉगमध्येच होतं. डिलिव्हरीच्या ओळीत 'डिलेज'पुढे चार आकडे असतात: क्यू मॅनेजरकडे (मेलची रांग सांभाळणारा भाग) येईपर्यंतचा वेळ, त्याच्याकडे गेलेला, जोडणीचा आणि प्रत्यक्ष सोपवण्याचा. इथे ६.१/०.०२/०.०१/१९ सेकंद. पहिल्यात आरस्पॅमडीही मोजला जातो, पण त्याची तपासणी अर्ध्या सेकंदात उरकत होती. उरलं ते डिस्कवर लिहिणं. एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवण्याचा हुकूम) झाल्याशिवाय पोस्टफिक्स समोरच्याला '२५०', म्हणजे 'मिळाला', म्हणत नाही, आणि मेलडिरमध्ये (दर मेलची वेगळी फाइल ठेवणारा फोल्डर) टाकताना डव्हकॉटही तेच करतो.

रेड ५ वर एका छोट्या लिखाणाला चार फेऱ्या: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढण्याचा हिशोब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. हे सगळं डिस्क जोडणाऱ्या रेड कार्डाची कॅश झाकत होती. कार्डाची बॅटरी मेली आणि ते गुपचूप राइट-बॅकवरून (कॅशमध्ये येताच 'झालं' म्हणणं) राइट-थ्रूवर (डिस्कवर उतरेपर्यंत थांबणं) गेलं. ना बीप, ना लाल दिवा! कार्ड जुन्या स्टॉकमधलं निघालं, आणि विक्रेत्याचं उत्तर: बॅटरी वॉरंटीत नाही. बाकी सगळं आहे, फक्त जे मरतं ते नाही.

डव्हकॉटचं एफसिंक बंद करण्याचा मोह टाळा. वीज गेली तर 'मिळाला' म्हणून कळवलेला मेलच गायब.

रेड कार्डाशिवाय सर्व्हर नको, हे मत सुरुवातीला होतं, आता उलट. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या (वीज गेली तरी हातातलं लिखाण वाचवणाऱ्या) दोन एसएसडी, लिनक्सच्या एमडीएडीएमने मिरर (दोन्हींवर तोच डेटा), बस. वाचनाचा वेग बघून घरगुती एसएसडी घेऊ नका, एफसिंकच्या माऱ्यात त्या गडगडतात. घेतल्यावर डिस्क तपासणाऱ्या फायोने ४ केबीची लिखाणं, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच), प्रत्येकामागे एफडेटासिंक (एफसिंकचाच हलका भाऊ), अशी पाच मिनिटं चालवा. पहिल्या मिनिटाचा आकडा धरू नका.

सॉफ्टवेअरबद्दल तक्रार किरकोळ. पोस्टफिक्सची एका मेलच्या आकाराची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट्स. अटॅचमेंट मजकुरात बदलणाऱ्या बेस६४ मध्ये फाइल तिसऱ्या हिश्श्याहून जास्त फुगते, म्हणून साडेसात एमबीच्या पुढची अटॅचमेंट परत येते. मर्यादा पहिल्याच दिवशी वाढवा. डव्हकॉट २.३ वरून २.४ वर जाताना मात्र जुनी कॉन्फिग चालत नाही, शनिवार मोकळा ठेवा.