जुना पलंग पाठवावा की लोखंडी कॉट घेऊन द्यावी?

पूर ओसरला की तांदूळ, चादरी, भांडी यांचे ढीग लागतात. महिन्याभराने त्याच घरात गेलात तर माणसं अजून ओलसर फरशीवर झोपलेली दिसतात. इकडे आपल्या गॅलरीत एक पलंग उभा करून ठेवलेला असतो. साहजिकच वाटतं, देऊन टाकू. मी दोन्ही करून पाहिलंय: २०१९ला सांगलीला घरचा जुना पलंग, २०२१ला चिपळूणला नवी लोखंडी कॉट.

सांगलीत त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या एका ओळखीच्या घरात फक्त भिंती उरल्या. आम्ही पुण्याहून पलंग पाठवला. सागवानी, वडिलांच्या काळातला, लाकडाला नाव ठेवायला जागा नाही. हमालाने तो सुटा केला, नट-बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि पिशवी डोक्याकडच्या फळीला अडकवली. सांगलीत फळी उतरली, पिशवी नाही.

आठ बोल्ट. तेही जुने, चार सुताचे म्हणजे अर्धा इंच जाड, चांगले वीतभर लांब. जवळच्या हार्डवेअरवाल्याचा स्वतःचाच चिखल उपसणं चालू होतं. दुसरीकडे मिळाले ते आखूड. सुतार म्हणावा तर गावातली निम्मी दारं फुगून बसलेली, त्याला फुरसत कुठली! तीन आठवडे आमचा पलंग भिंतीला टेकून उभा, आणि काकू त्याच्यासमोर सतरंजी टाकून झोपायच्या. तक्रार अशी नाहीच, फोनवर फक्त विचारायच्या, "बोल्ट सापडले का हो?" शेवटी मिरजेहून आणले. टेम्पोभाडं तर एका नव्या कॉटच्या किमतीला जाऊन टेकलं होतं.

चिपळूणला वाशिष्ठी नदीचं पाणी शिरलं २२ जुलै २०२१ला. या वेळी पुण्यातून काही हलवलंच नाही. पाणी न लागलेल्या शेजारच्या गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला फोन केला, तीन बाय सहाची कॉट सांगितली. पाय वेल्डिंग केलेले, सुटं करायला काहीच नाही. आडवी करून दारातून आत घेतली, त्याच रात्री त्या घरातले आजोबा वर झोपले. खाली पत्र्याची ट्रंक बसली. पाऊस वाढला की पायांखाली जांभ्याचे चिरे सरकवतात, म्हणजे ट्रंकही वर घेता येते.

कॉट दिसायला सुंदर नाही, मान्य. कोकणच्या हवेत गंजते, दोन-तीन वर्षांनी गंजरोधक रेड ऑक्साइड रंगाचा हात मारावा लागतो. कुशीवर वळलं की कुरकुरतेही. सागवानी पलंग नीट उभा राहिला तर तिच्यापेक्षा कितीतरी टिकेल, आणि द्यायचं घर तुमच्याच गावात असेल, ओळखीचा सुतार असेल, तर कदाचित तोच बरा. पार्टिकल बोर्डचा बॉक्स बेड मात्र पूर येणाऱ्या गावात नकोच, एका भिजण्यात पावासारखा फुगतो. आणि जुनी गादी कुणालाच देऊ नये. ढेकूण झाले तर तोंड दाखवायची सोय नाही.

एवढं ऐकूनही जुनाच पाठवायचा असेल, तर निदान बोल्ट स्वतःच्या खिशात घालून टेम्पोत पुढे बसा.