आमच्या विकीची नवी थीम: सांगलीतील एका सेवेचा अनुभव

मिरजेतील तंतुवाद्यांच्या निर्मितीविषयीची माहिती मराठीत एका जागी राहावी, या हेतूने आम्ही सांगली-मिरजेतील सहा जण एक लहानसा विकी चालवतो. सतारीच्या आणि तानपुऱ्याच्या भागांची नावे, लाकडाची निवड, पंढरपूरकडून येणारे भोपळे, जवारी काढण्याची (तारांना झंकार यावा म्हणून त्या ज्यावर टेकतात ती घोडी घासण्याची) रीत आणि कारागिरांच्या तोंडी असलेले पण शब्दकोशांत न सापडणारे शब्द, असा त्यातला मजकूर आहे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यानंतर बाहेरगावच्या वाचकांची पत्रे येऊ लागली आणि मजकूर चांगला असला तरी तो वाचताना त्रास होतो, ही तक्रार त्यांत वारंवार दिसू लागली. विकिपीडिया ज्या मीडियाविकी या मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो त्यावरच आमचा विकी उभा आहे, आणि तोवर आम्ही त्याच्यासोबत येणारी जुनी ‘व्हेक्टर’ स्किन, म्हणजे पानांचे रूप ठरवणारी थीम, जशीच्या तशी वापरत होतो. स्वतंत्र थीम करून घेण्यासाठी आम्ही विश्रामबाग भागात काम करणाऱ्या दोघा तरुणांकडे गेलो. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांच्या कामाविषयी मात्र तपशिलाने लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण थीम करून देणारे पुष्कळ असतात, पण केलेली थीम वाचकांपुढे ठेवून ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करणारे मला तरी प्रथमच भेटले.

त्यांच्याकडे जाण्यापूर्वी आम्ही स्वतः बरेच उपाय करून पाहिले होते. मीडियाविकीत ‘कॉमन डॉट सीएसएस’ नावाचे एक पान असते. प्रचालकाने त्यात सजावटीचे नियम लिहिले की ते निरनिराळ्या स्किनना एकदमच लागू होतात. त्या पानावर आम्ही इतके नियम साठवले होते की कोणता नियम कशासाठी लिहिला होता हे आम्हालाही सांगता येत नसे, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की मूळ स्किनमधील घटकांची नावे बदलल्यामुळे त्यांपैकी काही निकामी होत. दोघांनी पहिल्याच बैठकीत ते पान रिकामे करण्याची आणि स्वतंत्र स्किन लिहिण्याची अट घातली. मीडियाविकीच्या १.३५ या २०२० सालच्या आवृत्तीपासून मस्टॅश या साच्यांच्या पद्धतीने स्किन लिहिता येते. पानाचा सांगाडा साध्या साच्यांत राहतो, रंगांचे आणि अक्षरांचे नियम वेगळ्या फाइलींत राहतात, आणि हे सारे एका स्वतंत्र फोल्डरमध्ये असल्यामुळे मूळ सॉफ्टवेअरला हात लावावा लागत नाही. या मार्गाने खर्च वाढला, पण ती अट योग्य होती असे आज मी निःशंकपणे म्हणतो.

पहिला आराखडा अतिशय देखणा होता. सांगलीची ओळख म्हणून वरची पट्टी हळदीच्या रंगाची असावी ही आमचीच मागणी होती, आणि त्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत मेनू दिला होता. संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तो शोभून दिसे. मोबाईल घेऊन उन्हात उभे राहिले की त्यातला एकही शब्द वाचता येत नसे. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे लागते; आमच्या पट्टीवर ते २.३ : १ च्या आसपास भरत होते, हे त्यांनी आमच्यासमोर मोजून दाखवले. पट्टी हळदीचीच राहिली आणि अक्षरे गडद तपकिरी झाली. दुसरा दोष मला याहून गंभीर वाटला. पान नीटनेटके दिसावे म्हणून ‘संपादन’ आणि ‘इतिहास’ हे दोन्ही दुवे तीन ठिपक्यांच्या मागे लपवले होते. आमच्या सहा जणांपैकी दोघांनी दुसऱ्याच दिवशी फोन करून संपादन बंद केले आहे का, असे विचारले. ज्या विकीवर लिहिण्याची जागा सापडत नाही तो केवळ एक संकेतस्थळ उरतो, हे म्हणणे त्यांनी वाद न घालता मान्य केले, आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येक मथळ्याशेजारी ‘संपादन’ हा पूर्ण शब्द परत आला.

या सेवेचे खरे वैशिष्ट्य अभिप्राय घेण्याच्या पद्धतीत आहे. पहिल्या फेरीत आम्ही व्हॉट्सॲपवरून सुचतील तशा चाळीसहून अधिक सूचना पाठवल्या, त्यांतल्या कित्येक परस्परविरोधी होत्या. त्यांनी त्या सर्व बाजूला ठेवल्या आणि आम्हाला चार रकान्यांचा एक तक्ता दिला: कोणते पान, कोणते यंत्र, काय करायला गेलो, काय झाले. ‘काय हवे’ हा रकाना त्यात नव्हता, आणि तो मुद्दाम वगळला होता. वाचकाला होणारा त्रास खरा असतो, पण त्यावरचा जो उपाय तो सुचवतो तो बहुधा चुकीच्या जागी असतो, असे त्यांचे मत होते. मला ते मत प्रथम उद्धटपणाचे वाटले होते. मिरजेतील एका भेटीनंतर ते मला पूर्णपणे पटले.

त्या भेटीत आम्ही एका ज्येष्ठ सतारकारांच्या कारखान्यात गेलो होतो. मीडियाविकीत पानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘यूजस्किन’ हा शब्द आणि स्किनचे नाव जोडले की ते पान तेवढ्यापुरते त्या स्किनमध्ये उघडते, त्यामुळे इतर वाचकांना जुने रूप दिसत असतानाच आम्हाला नव्या थीमची खऱ्या मजकुरावर परीक्षा घेता येत होती. दोघांपैकी धाकट्याने जवारीविषयीचे पान मोबाईलवर उघडून दिले आणि म्हटले, “चाचा, तुम्ही तुमच्या सवयीनं वाचा, मी नुसता बघत बसतो.” चाचांनी अर्धे पान वाचून अक्षर बारीक असल्याचे सांगितले. वास्तविक अक्षराचा आकार आधीच १८ पिक्सेल होता, जुन्या व्हेक्टरमधील मजकुराच्या १४ पिक्सेलहून बराच मोठा. त्या मुलाने मात्र एक गोष्ट टिपली होती. चाचा मोबाईल डोळ्यांजवळ नेत नव्हते. ते ओळीखाली बोट धरत होते आणि दोनदा तीच ओळ पुन्हा वाचत होते. अडचण आकाराची नव्हती, ओळींमधील अंतराची होती.

देवनागरीत ही अडचण रोमन लिपीपेक्षा अधिक जाणवते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतात, आणि ‘द्ध’ किंवा ‘ट्ठ’ यांसारखी जोडाक्षरे आणखी खाली उतरतात. रोमन अक्षरांचा विचार करून ठरवलेले अंतर येथे अपुरे पडते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. त्यांनी ओळीची उंची अक्षराच्या १.६ पटींवरून १.८५ पटींवर नेली आणि जागा राखण्यासाठी अक्षर १८ पिक्सेलवरून १७ वर आणले. दोन आठवड्यांनी तेच पान पुन्हा वाचल्यावर चाचा म्हणाले, “आता अक्षर मोठं केलंत, हे बरं झालं.” मथळ्यांतही हाच दोष होता. ‘निर्मिती’ या शब्दातील रफार आणि वेलांटी मथळ्याच्या चौकटीबाहेर जाऊन वरून कापली जात होती, आणि बरेच दिवस आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते, कारण परिचित शब्द आपण पूर्ण न पाहताच वाचतो.

अक्षरवळणाचा प्रश्न एका निवृत्त मुद्रितशोधकांनी उपस्थित केला. दुसऱ्या फेरीत पाने लवकर उघडावीत म्हणून फॉन्टची फाइल हलकी करण्यात आली होती, आणि त्या कामात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ गळून त्यांच्या जागी हिंदी वळणाची अक्षरे आली होती. देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ही वळणे महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयातही प्रमाण मानली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, आणि पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद त्या पानात असली की ब्राउझर त्यांतून मराठी वळण निवडतो. फाइल हलकी करताना नेमका हा निवडीचा भागच वगळला गेला होता. तो परत घातल्यावर फाइल थोडी जड झाली, आणि ती तशीच राहू द्यावी असे आम्ही एकमताने ठरवले. त्याच गृहस्थांनी पुढे चाचणीसाठी शब्दांची एक यादी करून दिली. तिच्यात पहिला शब्द ‘कऱ्हाड’ आहे, कारण मराठीतील ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ ही जोडाक्षरे ज्या फॉन्टमध्ये नीट उमटत नाहीत, तो फॉन्ट कृष्णाकाठच्या विकीसाठी निरुपयोगी आहे. थीममध्ये कोणताही बदल झाला की आजही ती यादी आधी उघडून पाहिली जाते.

बाकीच्या सुधारणा थोडक्यात सांगतो. विकीत भर देण्यासाठी वापरलेला मजकूर तिरका होतो. देवनागरीत ती तिरकी अक्षरे यंत्राने ओढून वाकवल्यासारखी दिसत, म्हणून ती सरळ ठेवून किंचित ठळक केली. मथळ्यांतील अक्षरांमध्ये सोडलेली जागा काढून टाकली, कारण तिने शिरोरेषा तुटत होती. अजून न लिहिलेल्या पानांच्या लाल दुव्यांखाली तुटक रेषा आली, त्यामुळे ज्यांना लाल आणि तपकिरी यांतला फरक दिसत नाही त्यांनाही ते दुवे ओळखता येतात. तानपुऱ्याच्या मापांचा रुंद तक्ता मोबाईलवर आता स्वतःच्या चौकटीतच बाजूला सरकतो, संपूर्ण पान सरकत नाही. छपाईची सुधारणा मात्र मला विशेष मोलाची वाटते. कारखान्यांत पाने छापून भिंतीला लावली जातात, आणि मीडियाविकी छापताना बाहेरच्या दुव्यांचे पूर्ण पत्ते मजकुरात उतरवते. देवनागरी पत्त्यातील प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा असतो आणि टक्क्यांच्या चिन्हांसह तो नऊ रोमन चिन्हांत उमटतो, त्यामुळे एका वाक्यानंतर चार ओळी निरर्थक चिन्हांच्या येत. आता ते पत्ते छापले जात नाहीत.

आमच्या काही मागण्या त्यांनी नाकारल्या. विकीतील तरुण मंडळींना काळ्या पार्श्वभूमीचे रूप हवे होते. आमच्याकडील वाद्यांच्या रेखाकृती पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रेषांनी काढलेल्या आहेत. काळ्या पानावर घोडी, तबली आणि खुंट्या या वाद्याच्या भागांची सर्व चित्रे नाहीशी झाली असती. आधी चित्रे नव्याने तयार करा, मग ते रूप देऊ, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि ते बरोबर होते. अनुक्रमाच्या बाबतीत मात्र त्यांचा हट्ट मला मान्य नाही. २०२२ च्या व्हेक्टरप्रमाणे त्यांनी अनुक्रम डाव्या बाजूला नेला, ते संगणकावर सोयीचे आहे. परंतु मोबाईलवर तो केवळ तीन रेषांच्या चिन्हामागे ठेवला होता. त्या चिन्हाजागी ‘अनुक्रम’ हा शब्द लिहावा, ही साधी गोष्ट होण्यास दोन फेऱ्या गेल्या, आणि तक्त्यात तीच तक्रार सात वेळा नोंदवली गेल्यावरच ती झाली.

सेवेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. सहा आठवड्यांत होणारे काम साडेचार महिने चालले. पहिला महिना आमच्या विस्कळीत सूचनांमुळे गेला हे मान्य केले, तरी पुढच्या विलंबाची आगाऊ कल्पना आम्हाला दिली गेली नाही. एकूण २८,००० रुपये खर्च आला. त्यात तीन फेऱ्या धरलेल्या होत्या, पण एका फेरीत नेमके किती काम येते हे आधी लेखी ठरलेले नव्हते आणि त्यावरून एकदा कटुता आली. नवा ग्राहक त्यांच्याकडे जात असेल तर त्याने हे कागदावर घ्यावे. थीम सांभाळण्याच्या सूचना केवळ दोन पानांच्या आणि इंग्रजीत आहेत. आमच्या सहापैकी चौघांना त्या उपयोगी पडत नाहीत, म्हणून त्यांचा मराठी मजकूर अखेर आम्हीच विकीवर लिहिला.

काम पूर्ण झाल्यानंतर आम्ही सॉफ्टवेअर १.४३ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर नेले. पूर्वी अशा प्रत्येक बदलानंतर आमचा एक आठवडा दुरुस्तीत जात असे. या वेळी शोधाच्या चौकटीतील एक चिन्ह तेवढे हलले, आणि ते त्यांनी शुल्क न घेता त्याच दिवशी ठीक केले. एक दोष मात्र शिल्लक आहे. छायाचित्रांच्या दालनात चित्राखालचा मजकूर दोन ओळींनंतर कापला जातो. ती नोंद आम्ही तक्त्यात करून पाठवली आहे, आणि ‘काय झाले’ या रकान्यात ‘घोडीचे नाव अर्धेच दिसते’ एवढेच लिहिले आहे.