आईस हॉकीचं ड्राफ्ट गाईड: पैसे नोट्सचे द्या, नंबरांचे नाही

ठाण्यात बसून आईस हॉकीच्या पोरांचं गाईड विकत घेणारा हा कोण, असा प्रश्न पडणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये काम करतो, क्लायंट टोरांटोचा, आणि त्या टीमसोबत आमचा एक पूल (फँटसी लीगसारखा खेळ) चालतो ज्यात एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सगळ्यात मोठ्या आईस हॉकी लीगमध्ये, अजून न आलेली पोरं आधीच आपल्या नावावर उचलून ठेवायची असतात. मॅचेस आपल्याकडे पहाटे साडेचार-साडेपाचला सुरू होतात, नाइट शिफ्टवाल्याला उलट ते सोयीचंच. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोरांच्या ज्युनियर लीगच्या मॅच बघणार कधी आणि कुठे, म्हणून ड्राफ्ट गाईड. ड्राफ्ट म्हणजे एनएचएलच्या टीम दरवर्षी पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तो. नाव टाकत नाहीये, कारण दोन-तीन वेगवेगळी चाळून झालीत आणि साचा सगळ्यांचा तोच, खालचं सगळं थोडंफार सगळ्यांनाच लागू पडेल.

मिळतं काय तर एक जाडजूड पीडीएफ. पुढे रँकिंग, मग एकेका पोराचं एकेक पान. उंची, वजन, जन्मतारीख, कुठल्या लीगमध्ये किती मॅच आणि किती पॉइंट्स (स्वतःचे गोल अधिक गोलला दिलेले पास), स्केटिंग, शॉट, हॉकी सेन्स, कॉम्पीट (झुंजारपणा) यांना मार्क, आणि खाली स्काउटने त्याला प्रत्यक्ष बघून लिहिलेल्या नोट्स, कुठल्या तारखेची मॅच होती त्यासकट. किंमत डॉलरमध्ये, कार्डवाल्यांचा फॉरेक्स मार्कअप धरला की अडीच-तीन हजारांच्या घरात जाते. फुकट नाही म्हणजे अपेक्षा पण तशीच राहणार ना.

आता कोणीतरी म्हणेलच की यादी तर फुकट मिळते. मिळते की. एनएचएलचं स्वतःचं सेंट्रल स्काउटिंग १९७५ पासून आहे, जानेवारीत मिडटर्म यादी येते आणि एप्रिलमध्ये फायनल, आणि ती अजिबात वाईट नसते. पण ती एक यादी नाही, चार याद्या असतात, नॉर्थ अमेरिकेत खेळणारे स्केटर वेगळे, बाहेर खेळणारे स्केटर वेगळे आणि दोन्हीकडचे गोली वेगळे (गोली म्हणजे गोलकीपर, स्केटर म्हणजे बाकीचे सगळे). २०२२ ला शेन राइट नॉर्थ अमेरिकेच्या यादीत एक नंबर आणि युराय स्लाफकोव्हस्की इंटरनॅशनल यादीत एक नंबर. मग दोघांत पुढे कोण, यावर यादी गप्प. प्रत्यक्षात मॉन्ट्रियलने पहिल्या पिकला (निवडीला) स्लाफकोव्हस्की घेतला आणि राइट घसरत घसरत चौथ्या नंबरवर सिएटलकडे गेला. स्लाफकोव्हस्कीचे फिनलंडच्या लीगमधले आकडे नुसते बघितले असते तर तुम्ही त्याला हात पण लावला नसता, ३१ मॅचमध्ये १० पॉइंट्स. पण ती मोठ्या माणसांची लीग, हा १७ वर्षांचा, आणि त्याच सीझनला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये याने ७ मॅचमध्ये ७ गोल मारले, स्लोव्हाकियाला ब्राँझ आणि स्पर्धेचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) पण हाच. असल्या पोराला समजायला कोणीतरी बसून बघितलेलं लागतं, ते काम गाईडमधल्या नोट्स करतात आणि माझ्या मते पैसे त्याचेच आहेत.

नोट्स खरंच चांगल्या आहेत. म्हणजे 'चांगला स्केटर' असं मोघम लिहून सोडलेलं नाही, तर हा पोरगा डावीकडे वळताना वेग घालवतो, पक (खेळायची रबरी चकती) मिळायच्या आधी मान वळवून मागे बघतो की नाही, डिफेन्समन अंगावर आला की पास घाईत टाकतो की थांबतो, असलं बारीक. एकाच पोराबद्दल ऑक्टोबरची नोट आणि मार्चची नोट शेजारी ठेवून वाचली की कळतं कोण सुधारतोय आणि कोण नुसता आधीच उंच झालेला होता म्हणून गोल मारत होता.

आता तक्रारी, आणि पहिली जन्मतारखेची. ड्राफ्टला उभं राहायचं तर १५ सप्टेंबरपर्यंत १८ पूर्ण लागतात, आपल्याकडे शाळेच्या ॲडमिशनला कटऑफ असतो ना, डिट्टो तसंच, आणि तिथे जसं एका वर्गात अकरा महिन्यांनी मोठी-लहान पोरं असतात तसंच इथे एका ड्राफ्टमध्ये असतात. ऑस्टन मॅथ्यूज १७ सप्टेंबर १९९७ चा, दोन दिवसांनी हुकला, २०१५ चा ड्राफ्ट गेला, मधलं वर्ष झुरिचला मोठ्यांच्या लीगमध्ये खेळून आला आणि २०१६ ला टोरांटोने त्याला पहिला घेतला. उलट मॅथ्यू शेफर ५ सप्टेंबर २००७ चा, दहा दिवस शिल्लक ठेवून आत शिरला, कॉलरबोन मोडल्यामुळे एरी या ज्युनियर टीमकडून जेमतेम १७ मॅच खेळला तरी २०२५ ला आयलंडर्सनी पहिला तोच उचलला. गॅव्हिन मक्केना त्याच्यापेक्षा फक्त साडेतीन महिन्यांनी लहान, २० डिसेंबर २००७, पण ड्राफ्ट थेट २०२६ चा. हे सगळं इतकं महत्त्वाचं असताना गाईडमध्ये जन्मतारीख कोपऱ्यात बारीक अक्षरात, आणि वयाप्रमाणे लावलेली एक साधी यादी नाही. शेवटी मीच शिफ्टला काम नसताना एक्सेलमध्ये बनवली. पैसे घेतल्यावर हे त्यांनी करायला नको का?

लीग-लीगमधल्या फरकाचं मात्र नीट केलंय. कॅनडाच्या ज्युनियर लीग ओएचएल आणि डब्ल्यूएचएल, स्वीडनची ज्युनियर लीग, अमेरिकन कॉलेज, या सगळ्यातले पॉइंट्स एकाच फूटपट्टीवर आणायचा एक कॉलम आहे, एनएचएल इक्विव्हलन्सी म्हणतात त्याला, आणि पुढे स्पष्ट लिहिलंय की याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. आता तर हे जास्तच लागणार कारण ऑगस्ट २०२५ पासून कॅनडाच्या ज्युनियर लीगमधल्या पोरांना अमेरिकन कॉलेजची दारं उघडलीत. मक्केनाने २०२४-२५ ला मेडिसिन हॅट या ज्युनियर टीमकडून ५६ मॅचमध्ये १२९ पॉइंट्स केले आणि मग पेन स्टेट या अमेरिकन कॉलेजला गेला, तिथे समोर विशी पार केलेले दांडगे गडी. या दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून 'पोरगा घसरला' म्हणणारे आमच्या पूलमध्ये पण आहेत, त्यांना माझ्याकडून शुभेच्छा.

कंबाइनचा, म्हणजे ड्राफ्टआधीच्या फिटनेस चाचणीचा, भाग मी सरळ सोडून देतो, तुम्ही पण द्या. बफेलोला पोरांना बोलावून सायकल मारायला लावतात, उड्या, पुल-अप्स, बर्फावर एक मिनिट पण नाही, आणि त्याचे रंगीत तक्ते पानंच्या पानं. २०१४ चा सॅम बेनेट आठवा, सेंट्रल स्काउटिंगच्या नॉर्थ अमेरिका यादीत एक नंबर आणि कंबाइनला एक पुल-अप निघाला नाही, केवढी चर्चा झाली होती. कॅल्गरीने चौथ्या नंबरला घेतलाच. २०२५ ला फ्लोरिडाकडून प्लेऑफमध्ये १५ गोल मारून कॉन स्मायथ ट्रॉफी, म्हणजे प्लेऑफच्या एमव्हीपीची ट्रॉफी, घेऊन गेला. आणि त्याच ड्राफ्टमध्ये पास्टरनाक २५ वा गेला, ब्रेडन पॉइंट ७९ वा, का तर बुटका. म्हणून म्हणतो १४ वा आणि १९ वा यात काही अर्थ नसतो, ३२ टीम गुणिले ७ राउंड म्हणजे २२४ पोरं उचलली जातात आणि पहिली पाच-सहा सोडली तर पुढे सगळ्यांचं आपापलं चाललेलं असतं. गाईडने गट पाडून दिले असते तर जास्त प्रामाणिक वाटलं असतं, हे एकेक नंबर लावणं म्हणजे ठामपणाचा नुसता आव आहे.

गोलींचा सेक्शन तर उरकलाय. प्रत्येकी अर्धं पान, भाषा पण तीच ती. थोडं समजू शकतो, गोली उशिरा पिकतात, हेलेबक २०१२ ला १३० वा गेला आणि २०२५ ला अख्ख्या लीगचा एमव्हीपी झाला, लुंडक्विस्ट २००० ला २०५ वा. पण मग तसं स्पष्ट लिहा की आम्हाला यातलं फार सांगता येत नाही.

आणि सगळ्यात जास्त खटकलं ते हे की मागच्या वर्षांचा हिशोबच कुठे नाही. पाच वर्षांपूर्वी तुम्ही कोणाला वर ठेवलं होतं आणि त्याचं पुढे काय झालं, हे दोन पानांत छापायला काय जातं? मेल टाकला तर उत्तर लगेच आलं, गोड होतं, पण त्यात उत्तर नव्हतं.

तर स्टार साडेतीन. पूल खेळत असाल किंवा ही पोरं एनएचएलला येण्याआधी ओळखायची हौस असेल तर घ्या, फक्त पहिल्या दहातली नावं पाहिजे असतील तर फुकटच्या यादीत भागतं. घेणार असाल तर कार्डवर इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन आधी ॲपमधून ऑन करा नाहीतर पेमेंट अडकतं. आणि प्रिंट काढायची असेल तर नुसती नोट्सची पानं काढा, मी स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून सगळंच ब्लॅक अँड व्हाइट काढून स्पायरल मारून घेतलं, तक्त्यातले लाल आणि हिरवे दोन्ही सारखेच करडे आलेत. कंबाइनचे होते म्हणून बरं.