आठ सेलचा ट्रेल कॅमेरा : यंत्र चांगलं, फर्मवेअर अपडेट मात्र जपून

महू, मानपूर, चोरलच्या बाजूला शेती असलेल्या इंदूरकरांकडे हल्ली ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, दिसू लागलाय. हरभऱ्यात रात्री रोजडे (नीलगायी) शिरतात की रानडुकरं, बांधावरून बिबट्या जातो का, हे कळायला तो पुरतो. ब्रँडची नावं वेगवेगळी असली तरी बऱ्याच स्वस्त मॉडेलांच्या आतला सांगाडा सारखाच असतो : आठ एए सेल, दोन इंचांच्या आसपासचा पडदा, एसडी कार्डाची खाच आणि ऑफ, सेटअप, ऑन असा तीन खुणांचा सरकता खटका. यंत्राला पाचपैकी साडेतीन. फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारा आतला प्रोग्राम, बदलण्याच्या सोयीला दोनच, कारण कंपनीच्या पत्रकात त्याबद्दल चार ओळी असतात आणि चुकलं तर कॅमेरा कायमचा बंद पडू शकतो.

म्हणून आधी अपडेटची गरज आहे का ते बघा. मोठं कार्ड ओळखत नाही, काही दिवसांनी पडदा गोठतो, सेल भरलेले असताना बॅटरी संपल्याचं दाखवतो, तारीख आपोआप मागे जाते, असे दोष नव्या फर्मवेअरने जाऊ शकतात. मे महिन्यात भर दुपारी फोटो येत नाहीत ही तक्रार मात्र त्याने जाणार नाही. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर प्राण्याचं अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानातला फरक ओळखतो. माळव्यात पारा चाळिशीच्या वर गेला की तो फरकच उरत नाही. दिवसाचे फोटो गुलाबी येत असतील तर लेन्समागची इन्फ्रारेड गाळणी अडकलेली असते. तो यांत्रिक बिघाड आहे, तिथे फाइल बदलून उपयोग नाही.

फाइल कंपनीच्या सपोर्ट पानावरूनच घ्या. सेलच्या कप्प्यातल्या चिठ्ठीवर मॉडेल आणि सिरियल नंबर असतो, मेनूच्या शेवटी व्हर्जन असतं. दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. एकाच नावाच्या मॉडेलात दोन वर्षांनी सेन्सर किंवा पडदा बदललेला असू शकतो, आणि जुन्या यंत्राची फाइल नव्यात गेली की पडदा पांढरा पडतो. व्हिडिओखालच्या लिंकवरून कुणाचीही फाइल उचलू नका. शंका असेल तर दोन्ही फोटो कंपनीला पाठवून विचारा. दोन दिवस जातील, पण कॅमेरा वाचेल.

सगळ्यात जास्त अपडेट बिघडतात ते कार्डामुळे. ८ ते ३२ जीबीचं, क्लास १० चं, पूर्ण आकाराचं एसडी कार्ड घ्या. अडॅप्टरमध्ये घातलेलं मायक्रो कार्ड टाळा, कॅमेऱ्याच्या झटक्याने त्याचा संपर्क सुटतो. ६४ जीबीचं कार्ड कारखान्यातून एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतं आणि असे पुष्कळ कॅमेरे फक्त फॅट३२ वाचतात. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये कार्ड आणि रीडर दोन्ही मिळतात. बिल मागून घ्या आणि घरी संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासायच्या प्रोग्रामने कार्ड पूर्ण लिहून-वाचून तपासा. नकली कार्ड ३२ जीबी दाखवतं, पण आत जागा कमी असते.

कार्ड आधी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, मग संगणकाला लावा. डाउनलोड झालेली फाइल झिप असेल तर उघडून आतली बिन (.bin) फाइल काढा. ती कार्डावर थेट ठेवायची, फोटोंच्या डीसीआयएम (DCIM) फोल्डरमध्ये नाही. नावात एक अक्षरही बदलू नका. दोनदा डाउनलोड केली की संगणक नावापुढे कंसात १ लावतो आणि कॅमेऱ्याला फाइल सापडत नाही. व्हर्जन जुनंच राहण्याचं नेहमीचं कारण हेच. कार्ड ‘इजेक्ट’ करूनच काढा, आणि त्याच्या कडेचं लॉक उघडं आहे ना ते पाहा.

सेल आठही नवे, एकाच कंपनीचे, अल्कलाइन. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा. कमी व्होल्ट दिसले की काही कॅमेरे अपडेट सुरूच करत नाहीत. सुरू होऊन मध्येच बंद पडले तर त्याहून वाईट, कारण त्या वेळी जुना प्रोग्राम पुसलेला आणि नवा अर्धाच लिहिलेला असतो.

आता खटका ऑफवर असताना कार्ड घाला आणि सेटअपवर आणा. काही मॉडेल स्वतःच विचारतात, काहींत मेनूमध्ये अपडेट निवडावं लागतं, तर काहींत बटण दाबून धरूनच चालू करावं लागतं. तुमच्या मॉडेलची रीत फाइलसोबतच्या कागदावर असते. पडदा काळा होतो, दिवा लुकलुकतो, एक-दोन मिनिटं काहीच हलत नाही. तेव्हा हात लावू नका. पाच मिनिटं घड्याळ लावून थांबा.

झाल्यावर ऑफ करा, कार्ड काढून फाइल पुसा, नाहीतर काही यंत्रं पुढच्या वेळी पुन्हा अपडेट मागतात. मग व्हर्जन पाहा आणि मेनूतून ‘डिफॉल्ट’ करून सगळ्या सेटिंग पुन्हा भरा. अपडेटनंतर त्या बहुधा मूळ जागी जातात, म्हणून आधीच कागदावर उतरवून ठेवलेल्या बऱ्या. तारीख-वेळ सर्वांत महत्त्वाची. बारा तासांच्या घड्याळात एएम-पीएम उलटं पडलं की रात्रीचा बिबट्या दुपारचा ठरतो आणि महिनाभराची नोंद वाया जाते. पहिल्या फोटोत मोबाइलचं घड्याळ धरा, फरक कायमचा नोंदला जाईल.

रालामंडल अभयारण्यात किंवा कुठल्याही वनजमिनीवर कॅमेरा लावायला वन विभागाची परवानगी लागते. स्वतःच्या बांधावर लावायचा तर एक रात्र आधी अंगणात ठेवा, दर अर्ध्या तासाने समोरून चालत जा आणि सकाळी फोटो मोजा. चालण्यापेक्षा फोटो कमी निघाले तर सेन्सरची संवेदनशीलता ‘हाय’वर करून पुन्हा एक रात्र ठेवा.