टी-४ विषाणूची प्रतिकृती: शेपूट देखणे, डोके रिकामे

राजारामपुरीतील एका दुकानातून आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी घेतलेल्या, जीवाणूंना ग्रासणाऱ्या टी-४ विषाणूच्या या प्रतिकृतीत शेपटीचे काम खरोखर देखणे आहे. बाहेरचे आवरण दाबले की आतली नळी षटकोनी तळपट्टीतून पुढे सरकते आणि सहाही लांब तंतू जागचे हलत नाहीत. डोक्याचे झाकण उघडल्यावर मात्र निराशा होते. प्रत्यक्षात सुमारे १२० नॅनोमीटर लांबीच्या डोक्यात जवळपास १,६९,००० बेस-जोड्यांचा (डीएनएच्या शिडीतल्या पायऱ्यांचा), म्हणजे डोक्याच्या शेकडो पट लांब असा डीएनए एटीपी या पेशीतील ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर चालणारी प्रथिनांची मोटर ठासून भरते. येथे लाल दोऱ्याची चार सैल वेटोळी टाकून भागवले आहे. आतला प्रचंड दाब विद्यार्थ्यांना कळणार तरी कसा? त्या मानाने किंमत चढीच वाटली.